नलूचा उजवा गाल

१

नलू विजयकरचा उजवा गाल वांग्याच्या रंगाचा झाला होता आणि डावा नेहमीसारखा होता. लग्न आठवड्यावर आलं होतं.

शशिकांत धैर्यवानने तो गाल एकदा पाहिला आणि ताबडतोब भिंतीवरच्या कॅलेंडराकडे नजर वळवली. आडनाव धैर्यवान असलं तरी पोटाने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. फोड, पू, रक्त, दुधावरची साय, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, यांतलं काहीही समोर आलं की त्याला मळमळायला लागे. आणि धंदा काय, तर लोकांच्या घरात डोकावायचा! गिरगावात कुणाचं लग्न जमायला लागलं की मुलगा पितो का, मुलीचा मामा वेडा आहे का, असल्या गोष्टी गुपचूप काढून आणायचं काम शशिकांत करी. त्यामुळे दोन-तीन वर्षांत माणसांविषयी त्याचं मत जे बनलं होतं, ते जेवणाच्या वेळी आठवू नये असं होतं.

"शशी, बघ रे बाबा," नलूचे वडील अप्पा विजयकर म्हणाले. "परवा संध्याकाळी त्या डॉक्टर मानकरांच्या किरणांखाली बसून आली. काल सकाळपासून हे असं."

"किरणांखाली कशाला?"

उत्तर नलूनेच दिलं. "गोरं व्हायला. होणाऱ्या सासूबाईंची अट होती. साखरपुडा झाल्यावर सांगितली."

शशिकांतला मळमळलं. गालामुळे नव्हे.

"डॉक्टर म्हणतात, त्यांच्याकडे दिवा लावणारी मालन आहे ना, लालबागची, तिनं दिवा जास्त वेळ चालू ठेवला," अप्पा म्हणाले. "आज संध्याकाळी तिला पोलिसांत देणार आहेत. आणि कमलाबाई त्रिलोकेकरांचा निरोप आलाय, भाजलेली मुलगी आम्हाला नको."

"मालननं नाही केलं," नलू म्हणाली. बोलताना गाल ओढला जात होता, तरी ती थांबली नाही. "मालनचा हात गरम असतो. तो हात गार होता."

शशिकांतने कॅलेंडरावरची नजर काढली.

"कुठला हात?"

२

नलूने सांगितलं ते असं. किरणांच्या खोलीत शिरलं की मालन चेहऱ्याला व्हॅसलीन लावते, डोळ्यांवर कापूस ठेवून वर काळा चष्मा बांधते आणि मग दिवा पेटवते. परवा चष्मा बांधून झाला आणि डॉक्टरांनी मालनला खालून उकळलेल्या सुया आणायला पाठवलं. तेवढ्यात रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आला. 'झालाच पाहिजे'च्या गजरात खिडक्यांची तावदानं थरथरत होती. डॉक्टर, नलूबरोबर आलेली तिची चुलत बहीण ललिता आणि प्रगती बघायला आलेल्या कमलाबाई, सगळे गॅलरीत धावले. नलू आंधळ्यासारखी खुर्चीत बसून राहिली. मग एक हात आला. गार, तेलकट, गप्प. उजव्या गालावर खालून वर फिरला आणि गेला.

"तू विचारलं नाहीस कोण म्हणून?"

"मला वाटलं, उपचारातलंच असेल काही. तिथं रोज कुणी ना कुणी माझ्या तोंडाला काहीतरी करतच असतं, शशीदादा. विचारायची सवयच राहिली नाही."

वासाचं विचारून उपयोग नव्हता. दिवसभर तो दिवा पेटून खोलीत असा काही उग्र दर्प कोंडलेला असे की बाकी सगळे वास त्यात बुडत.

शशिकांत दुपारी मानकरांच्या दवाखान्यात पोचला. पाटीवर उगवता सूर्य रंगवला होता आणि त्याला मिशा होत्या. आत बाकावर लग्नाच्या मुली ओळीने बसल्या होत्या, शेजारी त्यांच्या आया. उन्हात वाळत घातलेल्या कुरडया जशा अधूनमधून बोट लावून बघतात, तशा आया मुलींचे दंड अधूनमधून चाचपत होत्या.

"यंत्र निर्दोष आहे," डॉ. मानकर म्हणाले. गुळगुळीत, घामट माणूस. हात मिळवला तर शशिकांतला आपला हात परत घेताना थोडं ओढावं लागलं. "दोष त्या पोरीचा. गिरणगावातली माणसं, घड्याळ कुठलं बघतात, वेळ कळते ती भोंग्यावर. बसा, तुमचं रक्त बघतो."

"माझं कशाला?"

"इथे आलेल्या प्रत्येकाचं बघतो." आणि शशिकांत नाही म्हणायच्या आत बोटात सुई गेली. त्याने चष्म्यामागचे डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा त्याच्या रक्ताचा थेंब पाण्यात कालवून एका नळीत भरला होता आणि नळीतून उजेड सोडणाऱ्या यंत्राची सुई थरथरत होती.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "काळोख आहे तुमच्या रक्तात. टॉनिक देतो. हे बघा, रक्त असं हवं." त्यांनी फडताळाकडे बोट दाखवलं. तिथे मखमलीच्या तुकड्यावर एक बूच लावलेली नळी ठेवली होती. आत सुंदर तांबडं, पारदर्शक काहीतरी. खाली पाटी होती: आदर्श रक्त.

शशिकांतने नाइलाजाने त्या नळीकडे पाहिलं आणि प्रथमच, रक्ताकडे बघून त्याला काही झालं नाही. त्याचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. भिंतीच्या फटीतून निघून, मखमलीवरून चढून, बुचाभोवती मुंग्यांची रांग लागली होती.

३

नलूच्या औषधाला आलेली ललिता जिन्यात भेटली. ती कुजबुजत होती.

"मोठ्यानं बोल की."

"आवाज गेलाय, शशीदादा. परवा गॅलरीतून घोषणा दिल्या. डॉक्टर शेजारीच उभे होते, माझ्या प्रत्येक 'झालाच पाहिजे'ला कानात बोट घालत होते."

"आणि कमलाबाई?"

"मागे असतील. मी मोर्चा बघू की त्यांना बघू?" तिने ओठ मुरडले. "नाहीतरी त्यांना बघून झालंय माझं. आधी मलाच दाखवलं होतं त्यांच्या मुलाला, दौलतला, माहीत नाही का? मला नाकारलं. माझा रंग चुकला म्हणे."

"म्हणजे नलूचं लग्न मोडलं तर तुला बरंच वाटेल."

ललिताने कमरेवर हात ठेवले. "मोडलं तर मी पेढे वाटीन," ती कुजबुजली. "पण तिचा गाल जाळून नाही. आणि तो दौलत! भर मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं, मनगटापर्यंत बाह्या. माझ्यापुढे बसला होता तर घामानं बशीतले पोहे भिजले. मला ते पोहे अजून आठवतात."

आता शशिकांतलाही ते आठवत राहणार होते.

कमलाबाई त्रिलोकेकर बाहेरच्या खोलीत, बाकावरच्या मुलींपासून चार हात अंतर राखून, एकट्या खुर्चीवर बसल्या होत्या. दवाखान्यानेच मुलगी भाजली हे डॉक्टरांच्या तोंडून चारचौघांत वदवून घ्यायचं आणि ठपका न येता सोयरीक मोडायची, या पवित्र कार्यासाठी त्या आल्या होत्या. हातात एक कार्ड होतं. शशिकांतला ओळखीचं वाटलं. मागच्या दिवाळीत घर रंगवताना हार्डवेअरच्या दुकानातून त्यानेही तसलंच आणलं होतं. भिंतींच्या रंगांचे चौकोन आणि खाली नावं: हस्तिदंती, मोतिया, बदामी.

"हे कशाला, कमलाबाई?"

"मोजायला नको? दर वेळी गालाशी धरून बघते मी. मोतिया होणार नाही हे मलाही कळतं हो, मी काही वेडी नाही. पण बदामीपर्यंत तरी यायला हवी ना? आमचा दौलत हस्तिदंती आहे." त्यांनी चौकोनावर नख टेकवून दाखवलं. "आणि तब्येत काय राखलीय! रोज सकाळी गच्चीवर दार लावून उघड्या अंगानं ऊन घेतो. एक दिवस चुकवत नाही."

"ऊन घेऊन रापत नाही?"

कमलाबाईंनी कार्ड मिटलं. "तुम्हाला काय विचारायचंय ते त्या मालनबद्दल विचारा."

"तुम्ही नलूच्या तोंडाला काही लावलंत का?"

"मी?" त्यांनी आपले हात असे पुढे धरले, जणू ते देवळात दाखवायच्या लायकीचे होते. "स्वैपाकाला बाई आहे आमच्याकडे. माझ्या हाताला हळद लागूनसुद्धा वर्षं झाली."

आतून मालनचा रडण्याचा आवाज आला. डॉक्टरांनी पोलिसांकडे माणूस धाडायची तयारी चालवली होती.

४

मालनला नीट रडायलाही येत नव्हतं. ती रडता रडता टेबल पुसत होती. लालबागच्या खोलीत तिचे वडील दमा घेऊन बसलेले, पाठची भावंडं शाळेत. चौकीत नाव गेलं की कुठल्या दवाखान्यात तिला कुणी उभं करणार नव्हतं.

"दिवा रोजच्याइतकाच ठेवला, सायेब. आईशप्पत. उजवा गाल जरा चकाकत होता, मला वाटलं माझंच व्हॅसलीन."

"एक सांग. दिवा समोरून असतो ना? दोन्ही गालांवर सारखा?"

"सारखाच."

"मग जास्त वेळ राहिला तर दोन्ही गाल भाजायला हवेत. हा दिवा काय उजव्या गालावरच रागावला होता?"

मालनने टेबल पुसणं थांबवलं. मग हळूच म्हणाली, "काळ्या काचेनं बघूया? पोरांच्या डोक्यातला नायटा बघायला डॉक्टर दिव्यापुढं काळी काच लावतात. अंधारात नायटा हिरवा चमकतो. जे अंगाला लागलेलं असतं ते दिसतं त्यात."

नलूला बोलावून घेतलं. खिडक्या बंद केल्या. काळ्या काचेतून दिसेल न दिसेल असा जांभळट उजेड आला. व्हॅसलीनचा राहिलेला अंश निळसर उमटला आणि भाजलेल्या गालाच्या कडेने, कानाच्या पाळीमागे, एक पिवळी हिरवट रेघ काजव्यासारखी पेटली.

"हळद," मालन म्हणाली. "माझ्या नखांत पण अशीच दिसते."

म्हणजे त्या गार हाताला हळद लागलेली होती. शशिकांतने सगळ्यांना आत यायला सांगितलं. सगळ्यांचे हात बघायचे होते.

"हा दवाखाना आहे, सर्कस नाही!" डॉ. मानकर ओरडले. "मी परवानगी देत नाही. पोलीस काय ते बघतील."

बाहेरच्या बाकावरच्या आया कान टवकारून बसल्या होत्या. दार उघडंच होतं. शशिकांत फडताळाकडे गेला, आदर्श रक्ताची नळी उचलली, दोन मुंग्या फुंकून उडवल्या, बूच काढलं आणि नळी तोंडाला लावली.

कुणाची तरी आई किंचाळली. ललिताने किंचाळायचा प्रयत्न केला, पण नुसतीच हवा आली.

शशिकांतने शेवटचा थेंब गिळला. त्याच्या चेहऱ्याचा रंग त्या कार्डावर कुठेच नव्हता. "कोकम सरबत," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "साखर जरा जास्त झालीय, डॉक्टर. याच्याशी ताडून बघितलं तर कुणाच्याही रक्तात काळोखच निघेल."

"दार लावा," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "काय हात बघायचेत ते बघा."

दार लागलं. काळी काच लागली. अंधारात आधी दात चमकले. नलूचे, ललिताचे, डॉक्टरांचे, पांढरेशुभ्र, तरंगत असल्यासारखे. कमलाबाईंच्या तोंडात मात्र नुसती काळी गुहा होती. कवळी या उजेडात चमकत नाही. शशिकांतने ही माहिती न मागताच मिळवली आणि तिचं काय करावं ते त्याला कळेना.

"हात पुढे करा."

ललिताची बोटं पिवळी चमकली. डॉक्टरांची चमकली. कमलाबाईंची चमकली. नलूची चमकली. शशिकांतने स्वतःचा हात धरला, तर तो दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा झगमगला.

"आम्ही जेवतो, धैर्यवान," कमलाबाई अंधारातून म्हणाल्या. "हातानं."

दुपारी सगळ्या गिरगावाने आमटी-भात खाल्ला होता. शशिकांतच्या पुराव्यात सगळं गिरगाव सापडलं होतं.

मग मालनने हात पुढे केले. नखं, बोटं, तळवे, मनगटं, कोपरापर्यंत दोन्ही हात पिवळेजर्द पेटले होते.

"झालं?" डॉक्टर म्हणाले. "बोलवू पोलीस?"

५

"आमच्या खोलीखाली मसाला कांडतात, सायेब," मालन म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "हळद उडते ती भाकरीत पण येते. आम्ही सगळेच असे आहोत."

शशिकांतच्या पोटात सरबत फिरत होतं. त्याने स्वतःला सावरायला भिंतीवर हात टेकला. डावा हात. तो काळोखात मुळीच दिसला नाही.

तो आपल्या न दिसणाऱ्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने पुढे धरलेल्या हातांच्या ओळीकडे पाहिलं. मालन सोडून प्रत्येकाने एकच हात काढला होता. उजवा. तीर्थ घ्यायला काढावा तसा, वाटी करून. हात दाखवा म्हटलं की डावा पुढे करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, बघायचं त्याच्याही मनात आलं नव्हतं.

"नलू," तो म्हणाला, "मी तुझ्यासमोर उभा राहिलो, तर तुझा उजवा गाल माझ्या कुठल्या हाताला येतो?"

"डाव्या."

"डाव्या हातानं कुणी आमटी-भात खात नाही. सगळ्यांनी डावे हात काढा."

ललिताचा डावा हात आला, काळा. डॉक्टरांचा आला, काळा.

"मी नाही काढणार," कमलाबाई म्हणाल्या. "संध्याकाळच्या वेळी डावा हात! अशुभ असतं."

नलू पुढे झाली आणि तिने तो हात सरळ धरून काचेखाली आणला. तळव्याच्या रेषा फिकट पिवळ्या उमटल्या. पण अनामिकेवरच्या अंगठीच्या खड्याभोवती, कोंदणात, लख्ख पिवळं कडं पेटलं होतं.

"गार आहे," नलू म्हणाली. "हाच."

कुणीतरी खिडकी उघडली. उजेडात कमलाबाईंच्या तोंडातले दात परत आले.

"डावा का, तेही सांगतो," शशिकांत म्हणाला. "उजव्या हातात कार्ड होतं. रंगारी भिंतीवर आधी एक पट्टा ओढून बघतो ना? एका बाजूला लावून, दुसऱ्या बाजूशी ताडून बघायचं होतं यांना. नलूच्या गालाचा नमुना केला यांनी. माझ्या हाताला हळद लागून वर्षं झाली, असं मघाशी स्वतःच म्हणाल्या, मग अंगठीत ती आली कुठून?"

"उटणं होतं!" कमलाबाई ओरडल्या. "घरचं, तेलात कालवलेलं! हळदीनं कुणी भाजतं का? मग गिरगावातली प्रत्येक नवरी भाजली असती!"

"बरोबर आहे," शशिकांत म्हणाला. "डॉक्टर, आता तरी एक खरं सांगा. असं काय आहे, जे लावून या किरणांखाली बसलं तर माणूस भाजतो?"

डॉक्टरांनी रिकाम्या नळीकडे पाहिलं आणि खरं सांगितलं. "बावची. कोडावर देतात. पांढऱ्या डागाला लावून थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसवतात, म्हणजे कातडी काळवंडून रंग भरतो. या दिव्याखाली ती लावली तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

शशिकांतला भर उन्हाळ्यातली गळ्यापर्यंतची बटणं दिसत होती. आणि गच्चीचं लावलेलं दार.

"दौलतला कोड आहे," नलू म्हणाली.

कमलाबाई खुर्चीत बसल्या. "कमरेला आहे नुसतं. आणि दंडावर. गुण येतोय बावचीनं, कातडी सुधारतेय, म्हणून मी म्हटलं उटण्यात घालावी, हिचीही सुधारेल. मला काय माहीत काळं करतात तिनं? विचारणार कुणाला? बावची म्हटलं की लोक विचारतात, कुणाला आहे?"

"आणि मालनला चौकीत जाऊ देणार होतात," शशिकांत म्हणाला.

"तिचं कुठे लग्न ठरलंय?" कमलाबाई म्हणाल्या.

शशिकांतने बरीच घरं आतून पाहिली होती, पण हे वाक्य त्याला नवीन होतं.

कमलाबाईंनी डोळे पुसले. आणि पुसता पुसता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुचल्याची कळा आली. "नलू, बाळ, आता तुला कळलंच आहे. तुझाही गाल काही लगेच सुधारायचा नाही. तूही डागी, तोही डागी. जोडा शोभेल. तारीख तीच ठेवूया."

नलूने त्यांच्या मांडीवरचं कार्ड उचललं. ते आपल्या वांगी गालाशी धरलं, सगळे चौकोन शांतपणे पाहिले, आणि परत दिलं.

"कोडाचं मला काही नाही," ती म्हणाली. "साखरपुड्याला सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तेल कढवून दिलं असतं त्यांना, गच्चीचं दारही उघडं ठेवलं असतं. पण माझे डोळे बांधलेले असताना जो हात न बोलता येतो, त्या हाताच्या घरी मी येणार नाही. अप्पांना मी सांगते."

ललिता आवाज नसतानाही मोठ्याने हसली.

डॉक्टरांनी पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही. मालनच्या वाटेतून बाजूला झाले ते फडताळाला टेकेपर्यंत. नलूने मालनचा हात धरला आणि दोघी बाकावरच्या मुलींपुढून बाहेर पडल्या. पहिल्यांदा कुणीच हललं नाही. मग टोकाची एक मुलगी उठली, तिच्या आईने पदर ओढला, तरी उठली आणि जिना उतरून गेली.

खाली रस्त्यावर मालनने शशिकांतला गाठलं. "सायेब, उपकार झाले. ते रक्त प्यायला तुम्हाला कसं जमलं?"

"रक्त नव्हतंच ते. कोकम होतं." तो जरा ताठ उभा राहिला. आपल्या आडनावाला आज प्रथमच जागल्यासारखं त्याला वाटत होतं. "कधी भरलं होतं गं ते? काल की आज?"

मालन विचारात पडली. "मी कामाला लागले तेव्हा होतंच ते," ती म्हणाली. "माझ्या आधीच्या बाईपण म्हणायच्या, त्या आल्या तेव्हा होतं."

शशिकांत धैर्यवानने मान हलवली, चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि गटाराकडे वळला.